भिंतीवरचा शेवटचा जोड

थाळी पाण्यात दिसेनाशी झाली की दोरीला चिमटा लावायचा. मग ती हळूहळू वर घ्यायची, पुन्हा दिसू लागली की दुसरा चिमटा. दोन्हींच्या मधोमध जी जागा येते तिथपर्यंत पाणी पारदर्शक. त्याखाली काय आहे ते आपल्याला माहीत नाही. थाळी साधीच असते, चार भाग केलेली, दोन काळे, दोन पांढरे. नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला या तलावाच्या काठावर वाकून मी ती पाण्यात सोडत आले होते, आणि दर वेळी काळे भाग आधी जातात, पांढरे थोडे रेंगाळतात आणि मग सगळंच हिरवट होऊन जातं. त्या दिवशी शेवटचा नमुना होता. मी दुसरा चिमटा लावला, कमरेला कळ आली म्हणून सरळ झाले, आणि पलीकडच्या बुटक्या भिंतीवर मला चपलांचा एक जोड दिसला. निळ्या पट्ट्यांचा, टाचा एकमेकींना लावून ठेवलेला, अंगठे पाण्याकडे. तलावात कोणी नव्हतं. पाणी इतकं सपाट होतं की पंपघराची भिंत त्यात उलटी, एकाही ठिकाणी न मोडता उभी होती.

दुसऱ्या कुठल्याही जागी भिंतीवर चप्पल राहिली तर कोणीतरी चप्पल विसरलं, एवढाच अर्थ होतो. इथे तसा होत नाही. हा तलाव मुळात पाणीपुरवठ्याचा. गाळ बसवायला बांधलेला, पुढे नवी योजना झाल्यावर बिनकामाचा राहिलेला. लोक आपणहून पोहायला येऊ लागले, आमच्या खात्यानं कानाडोळा केला, मग दोन बाकं टाकली, मग घसरगुंडी, आणि एक दिवस खात्याच्या नकाशावर त्याला विरंगुळा स्थळ असं नाव पडलं. जीवरक्षक कधीच नव्हता. त्याऐवजी भिंत होती. पाण्यात उतरण्याआधी चप्पल भिंतीवर ठेवायची, बाहेर आल्यावर उचलायची, आणि सगळ्यात शेवटी निघणाऱ्यानं भिंत बघायची. भिंतीवर जोड असेल तर शेवटच्यानं जायचं नाही. कोणी लिहून ठेवलेला हा नियम नाही, पण इथे पोहायला शिकलेलं प्रत्येक मूल हातपाय मारायच्या आधी तो शिकतं. मीही शिकले. मला पोहणं काही नीट आलं नाही, तरंगण्यापलीकडे मी गेले नाही, पण भिंत बघणं मात्र हाडात बसलं. अजूनही एखाद्या लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग दिसला की मला आत माणसं आहेत असं वाटण्याऐवजी आत पाणी आहे असं वाटतं.

"मॅडम, झालं का तुमचं?" साहेबांनी पंपघराच्या पायऱ्यांवरून हाक मारली. त्यांच्या शेजारी पालिकेच्या अधिकारी बाई उभ्या होत्या, छत्री उन्हाकडे धरून. त्या दिवशी तलाव पालिकेच्या ताब्यात जायचा होता. बाकं, घसरगुंडी, खुंट्या, भिंत, पाणी, सगळं. फक्त पंपघर आणि त्याच्या पोटातली बंदिस्त टाकी आमच्या खात्याकडे राहणार होती. त्या टाकीला सगळे अंधारी म्हणतात. तलाव आणि अंधारी यांच्यामध्ये एक कमान आहे, पाणी इकडून तिकडे जातं. कमानीवर लोखंडी दार आहे, पंपघरातलं चाक फिरवलं की खाली येतं. एकाच पाण्याचे दोन मालक होणार, म्हणून ते दार आज खाली सोडून बंद करायचं, मग अंधारी छतापर्यंत भरून कुठे गळतं का बघायचं, आणि मग दोघांनी सह्या करायच्या. दार सोडण्याआधी पाण्यात कोणी नाही एवढं पाण्याजवळच्या माणसानं मोठ्यानं सांगायचं असतं. आज पाण्याजवळचं माणूस मी होते.

"दोनच मिनिटं सर," मी म्हणाले. बाटलीवर तारीख घालताना आकडा वेडावाकडा आला. मी तो खोडून पुन्हा काढला. मग थाळीची दोरी गुंडाळायचं निमित्त करून काठाकाठानं भिंतीकडे गेले.

चप्पल नवी होती. हेच वाईट होतं. जुनी असती तर मी लांबूनही सांगितलं असतं. माणूस चप्पल वापरतो तसतसा तिच्यावर त्याच्या पायाचा ठसा उमटत जातो. टाचेला खळगा पडतो, अंगठ्याखाली काळा गोल येतो, चालीच्या बाजूनं तळ झिजतो. बाबांच्या जुन्या चपलेची डावी टाच बाहेरून इतकी झिजली होती की ती जमिनीवर ठेवली की कलायची. पट्टा तुटून तुटून तिसऱ्यांदा शिवून झाला तेव्हा मी बाजारातून नवा जोड आणला, आणि बाबांनी जुना परत मागायच्या आत आईनं तो कचऱ्याच्या गाडीत टाकला. "आता बसा," आई म्हणाली होती. बाबा नवी चप्पल हातात घेऊन उलटीपालटी करत होते, एखाद्याच्या घरी पाहुणे गेल्यावर तिथली वस्तू बघतात तशी. मी दुकानात जो सगळ्यात जास्त खपतो तोच जोड घेतला होता. निळा पट्टा. भिंतीवरचा हा जोडही बाबांच्या मापाचा होता, आणि बाबा रोज सकाळी इथे पोहायला येत. त्यांच्या मापाचे शहरात किती पुरुष असतील? मी त्याला हात लावला. तळ ओलसर होता, वरचा पट्टा उन्हानं तापलेला. म्हणजे सकाळी कोणीतरी ओल्या पायांनी तो घातला होता, किंवा घालायचा प्रयत्न केला होता, आणि मग काढला होता. पोहून आलेल्या माणसानं चप्पल घालून पुन्हा का काढावी, हे मला उमगेना. मी हात मागे घेतला तेव्हा बोटांना पाणी लागलेलं होतं आणि ते मी फ्रॉकला पुसावं तसं ओढणीला पुसलं, लहान मुलीसारखं.

"काय हो," पालिकेच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "हे पण आमच्याकडे देताय का?" त्यांनी छत्रीच्या टोकानं चपलेकडे दाखवलं. वाईट बाई नव्हत्या. आल्यापासून त्यांनी मला दोनदा पाणी विचारलं होतं. "आम्ही इथे लॉकर करणार आहोत. प्रत्येकाला किल्ली. हा सगळा पसारा जाईल."

"कोणाची तरी राहिलीय," मी म्हणाले.

साहेब आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! अनवाणी! मॅडम, तुमचे वडील आज पण—" आणि ते हसायला लागले. पालिकेच्या बाईंना कळेना म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. ती गोष्ट इथे सगळ्यांना येते. सत्तावीस वर्षांपूर्वी एका सकाळी भिंतीवर असाच एक जोड राहिला. शेवटच्यानं आरडाओरडा केला, माणसं जमली, चांगले पोहणारे सूर मारून मारून तळ धुंडाळत राहिले, कोणीतरी बांबू आणले, कोणीतरी गळ. दुपारपर्यंत अर्धी वस्ती काठावर होती. आणि ज्याला पाण्यात शोधत होते तो माणूस इस्पितळाच्या बाकावर अनवाणी बसून चहा पीत होता. बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि तो तसाच पळाला होता. मी जन्मले तेव्हा लोक माझ्या बापाचं प्रेत शोधत होते. तेव्हापासून ते अनवाणी, आणि शाळेत मी अनवाणीची पोरगी. साहेबही लहानपणी इथेच पोहायला येत. "आम्हाला तर बांबू धरून उभं केलं होतं हो," ते म्हणाले. बाई मनापासून हसल्या. मीही हसले. माझे दात कोरडे पडले होते आणि ओठ त्यांना चिकटत होता.

प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की पुरावा एकटा काही सांगत नाही. तो कोणाच्या हातात पडतो त्यावर तो काय सांगेल ते ठरतं. साहेबांच्या हातात हा जोड म्हणजे विसरणारा माणूस पुन्हा विसरला. माझ्या हातात तो अगदी उलटा होता. त्या दिवसानंतर बाबा एकदाही चप्पल विसरले नव्हते. लोकांना ती गंमत होती. बाबांना ती गंमत कधीच वाटली नाही. आपल्यासाठी माणसं गाळात सूर मारत होती, त्यातल्या एकाचा कान कायमचा गेला, हे ते कधी बोलत नसत, पण भिंतीवरून चप्पल उचलली की ती पायात घालायच्या आधी ते भिंतीवरून पुन्हा एकदा हात फिरवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू डोळ्यांवर विसंबायचं नव्हतं. स्वतः शेवटचे नसले तरी शेवटचा जाईपर्यंत ते बाकावर थांबत. असा माणूस चप्पल विसरून घरी जाण्याची शक्यता किती? आणि मग दुसरी शक्यता किती? ती मला मोजायची नव्हती. तरी मोजली जात होती. डोक्यातलं एक यंत्र आपोआप चालू राहतं, आपण त्याचं बटण शोधत असतो आणि ते आकडे देत राहतं.

मी घसरगुंडीच्या मागे जाऊन आईला फोन लावला. बाबा फोन घरीच ठेवतात.

"आई, बाबा आले?"

"कुठे आलेत. आज शेवटचा दिवस ना तुमचा, बसले असतील सगळ्यांना धरून. तिथे नाहीत?"

"असतील. मी पलीकडच्या बाजूला आहे."

"त्यांना म्हणावं पोहे गार झाले. आणि चप्पल घालून या म्हणावं. अनवाणी आले तर दारात उभं करीन." आई हसली. मग म्हणाली, "का गं? आवाज असा काय येतोय?"

"वारा आहे," मी म्हणाले. वारा नव्हता. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी खुंट्या बघायला गेले. कपडे काढून टांगायच्या खुंट्या, ओळीनं, सगळ्या रिकाम्या.  पाण्यात माणूस असता तर त्याचे कपडे असते. कपडे नाहीत म्हणजे माणूस कपडे घालून गेला. कपडे घालून गेला म्हणजे बाहेर गेला. किती साधं. बाबा रस्त्यानं कुठेतरी चालत असतील, उघड्या पायांनी, गरम डांबरावर पाय उचलत. पण ते चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं आणि मला ते तिसऱ्याच एका कारणानं सहन होईना. कारण ते कुठे जात असतील हे मला त्या चित्रात दिसत नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर कधीतरी मी कामावरून आले तेव्हा बाबा आमच्याच दाराबाहेर किल्ली हातात घेऊन उभे होते. "आत जा ना," मी म्हणाले. ते म्हणाले, "कोणी येतंय का बघतोय. असं कोणाच्या घरात कसं घुसायचं?" आणि मग माझं तोंड बघून हसले, गंमत केली म्हणाले. आणखी एकदा त्यांनी मला ताई म्हणून हाक मारली, त्यांच्या वारलेल्या बहिणीला मारायचे तशी, लाडानं. आणि एकदा आरशासमोर दाढी करताना ते बाजूला सरकले, समोरच्याला वाट द्यावी तसे. मी हे कोणाला सांगितलं नाही. तीन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये, असं मी स्वतःला बजावलं. त्यात शहाणपण किती होतं आणि भीती किती, हे मी मोजलं नाही. मोजायची थाळी माझ्याकडे होती, पण ती मी त्या पाण्यात सोडली नाही. परवाच, हस्तांतराचं मी जेवताना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हस्तांतर म्हणजे काय गं? पाणी तर तेच ना?"

"पाणी तेच. मालक बदलतो."

"मग चप्पल कुठे ठेवायची?"

"लॉकरमध्ये. किल्ली मिळेल."

"किल्ली कोणाकडे?"

"ज्याची चप्पल त्याच्याकडे."

त्यांनी भात कालवायचं थांबवलं. "पण मग तो आत आहे हे बाहेरच्याला कसं कळणार?" मी हसून विषय बदलला. मला वाटलं, म्हातारी माणसं नव्या गोष्टींना असंच काहीतरी विचारतात.

पंपघरात इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज पाण्यावरून येऊन थेट पायाच्या तळव्यांना लागतो. साहेब पायऱ्यांवरून वळून म्हणाले, "चला मॅडम, सांगा. पाणी रिकामं?"

मी तोंड उघडलं. सर, बघायला हवं, असं मला म्हणायचं होतं. पण नोकरीला मला वर्षही झालं नव्हतं, आणि बाबांचं नाव काढलं की सगळे हसणार होते, आणि मी गोंधळ घालून काही निघालं नाही तर बाबा आयुष्यात दुसऱ्यांदा अनवाणी होणार होते. आणि निघालं तर? या दोन्हींमध्ये मी उभी होते. "सर, ही चप्पल—" मी म्हणाले.

"अहो खुंट्या बघा ना," साहेब समजुतीनं म्हणाले. "कपडे घालून कोणी पोहतं का? तुमचे वडील आता घरी चहा पीत असतील. त्यांची तर सवय आहे." पालिकेच्या बाईंनी घड्याळात बघितलं. आतून फिटरचा आवाज आला, "साहेब, सोडू का?" आणि माझ्याकडून काहीच आलं नाही तेव्हा साहेबांनी मान डोलावली. चाक करकरलं. कमानीत पाण्याच्या वर दाराची खालची गंजकी कड दिसू लागली. तिच्यावरून शेवाळाचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला.

तेवढ्यात फाटकापाशी बसणाऱ्या मावशी झाडू घेऊन आल्या. त्या इथल्या झाडलोटीच्या, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखणाऱ्या. "पोरी, बाबांची वाट बघतेस का?"

"मावशी, बाबा कधी गेले?"

"गेले असतील. शेवटी तेच होते. सगळे गेले तरी हे आपले बाकावर."

"जाताना बघितलंत तुम्ही?"

"जाताना नाही बाई. या लोकांची गाडी आली ना, मी फाटक उघडायला गेले." त्यांनी झाडू काखेत धरला. "कपडे घालून झाले होते त्यांचे. भिंतीपाशी उभे. ती चप्पल पायात घालून बघितली, काढली, पुन्हा ठेवली. मला विचारतात, मावशी, आत कोण राहिलंय? मी म्हटलं, अहो कोण राहणार, शेवटचे तुम्हीच. मला वाटलं करतायत चेष्टा, नेहमीसारखी." मावशींनी भिंतीकडे बघितलं. "पण हसले नाहीत."

भीतीला चव असते हे मला तेव्हा कळलं. दाताखाली खिळा आल्यासारखी. सगळं एकदम दिसलं, थाळी वर येताना आधी पांढरं दिसतं तसं. ते भिंतीपाशी आले. आपली चप्पल शोधली, जुनी, कललेल्या टाचेची. ती नव्हती. होता तो एक परका जोड. पायात घालून बघितला, पाय ओळखेना. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. एक जोड आहे, माझा नाही, म्हणजे कोणीतरी आत आहे. आणि भिंतीवर जोड असेल तर शेवटच्यानं जायचं नाही. तलाव उघडा आहे, दिसतो. तिथे कोणी नाही. मग न दिसणारी जागा एकच उरते.

"थांबा!" मी ओरडले. माझा आवाज मला इतका मोठा कधीच वाटला नव्हता. "दार थांबवा! माणूस आहे आत! अंधारीत माणूस आहे!"

मी पायऱ्यांकडे धावले. चाक फिरतच होतं. इंजिनाच्या आवाजात फिटरला ऐकू गेलं नव्हतं. मी त्याच्या हातांवर हात टाकले, तो दचकला. "वर घ्या. वर घ्या आधी. आणि झाकण उघडा." पंपघराच्या फरशीत लोखंडी झाकण आहे, त्याखाली अंधारीत उतरायची शिडी. फिटरनं इंजिन बंद केलं. शांतता इतकी अचानक आली की साहेब दारात काहीतरी म्हणत होते ते अर्धंच राहिलं. झाकण उचलल्यावर गार वास वर आला, ओल्या नाण्यासारखा.  लहानपणी बाबांनी मला हीच एक जागा दाखवून सांगितलं होतं, तिकडे कधी जायचं नाही. मी बॅटरी घेतली, बूट काढले नाहीत, उतरले.

पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला. प्रकाश पाण्यावर पडला की तिथेच थांबत होता, आत जात नव्हता. मी तो भिंतीवरून फिरवला. कोपऱ्यातल्या पाइपाला एका हातानं धरून बाबा होते. सदरा फुगून अंगाभोवती आला होता. दुसरा हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून ते काहीतरी चाचपत होते, सावकाश, नीट, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. ओठ निळे झाले होते.

"कोण आहे?" ते म्हणाले.

"मी आहे बाबा."

"बरं झालं. उजेड इकडे धर. एक जण आत राहिलाय, सापडत नाहीये."

"बाबा, हात द्या."

"अगं, असं कसं? आधी त्याला काढू दे." त्यांचे दात वाजत होते, तरी आवाजात तक्रार नव्हती, काम अर्धं राहिल्याची फक्त घाई होती. "माझ्यासाठी लोकांनी अर्धा दिवस शोधलं होतं. मी काय असा निघून जाऊ?"

मला खूप गोष्टी खऱ्या सांगता आल्या असत्या. त्यातली एकही सांगायचं धाडस झालं नाही. "सापडला तो," मी म्हणाले. "मगाशीच निघाला बाहेर. ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि पाइपावरची बोटं त्यांना सोडवेनात. मला ती एकेक करून सोडवावी लागली. गार, सुरकुतलेली, माझ्या तळहातात येताच पुन्हा घट्ट मिटणारी. फिटरनं वरून दोन्ही हातांनी त्यांना ओढून घेतलं. पालिकेच्या बाईंनी सत्कारासाठी आणलेली शाल काढून त्यांच्या अंगावर टाकली. साहेब बाजूला उभे होते. त्यांच्या हातात बांबू नव्हता, तरी हात तसेच धरलेले होते.

बाहेर ऊन होतं. मी बाबांना धरून काठानं चालवत होते आणि ते भिंतीपाशी येऊन थांबले. जोड तिथेच होता, अंगठे पाण्याकडे. मी विसरले होते. बाबांचं सगळं अंग ताठ झालं. "सापडला म्हणालीस ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत संशय नव्हता, निव्वळ भीती होती, माझीच, माझ्याआधी त्यांच्याकडे पोचलेली. "मग ही कोणाची?" त्यांनी शाल सोडली आणि पाण्याकडे पाऊल टाकलं.

मी खाली बसले. बुटांच्या ओल्या नाड्या सुटेनात, बूट तसेच ओढून काढले. चप्पल उचलली, पायात घातली. "माझी आहे," मी म्हणाले. "मीच होते आत."

ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला. भिंत रिकामी होती. "चला मग," ते म्हणाले.

मागून साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मॅडम... आता?" ते विचारताना त्यांना लाज वाटत होती, पण कोणीतरी ते मोठ्यानं सांगायलाच हवं होतं. मी वळून तलावाकडे बघितलं. पंपघराचं प्रतिबिंब पुन्हा पाण्यात न मोडता उभं राहत होतं.

"पाणी रिकामं आहे," मी म्हणाले.

चाक करकरायला लागलं. आम्ही फाटकाकडे चाललो. मावशी झाडू धरून उभ्या होत्या, त्यांनी आमच्यासाठी फाटक उघडलं आणि तोंडाला पदर लावला. चप्पल मला मोठी होत होती. दर पावलाला टाच सुटून तळ फटकन आपटत होता, आणि तळाशी अजून ओल होती, माझी की त्यांची ते सांगता येत नव्हतं. बाबा माझा हात धरून उघड्या पायांनी चालत होते, सावली बघून पाय टाकत. रस्त्याच्या वळणावर त्यांनी तो आवाज ऐकला, थांबले, खाली बघितलं.

"चप्पल मोठी होतेय तुम्हाला," ते म्हणाले. अगदी अदबीनं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी बोलावं तसं.

मी त्यांचा हात सोडला नाही. "हो," मी म्हणाले. "माझ्या वडिलांची आहे."

"अरेच्चा," ते म्हणाले आणि हसले, त्या सकाळी पहिल्यांदाच, मोकळेपणी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मग ते बिचारे अनवाणी गेले असतील की!"